दाण्यावरचं साल आईचं

मी नोकरीत नेमकं काय करत होते, हे वाईतल्या आमच्या आळीत आजही कुणाला धड ठाऊक नाही. "शेतकी खात्यात होत्या" एवढ्यावर सगळ्यांचं भागतं. मागच्या महिन्यात घाटाच्या पायऱ्यांवर बसले असताना शेजारच्या बाईंनी विचारलं, "म्हणजे तुम्ही खतं वाटायचात का?" मी सरळ हो म्हणून टाकलं. झाडांच्या सोयरिकी जमवत होते असं सांगितलं असतं, तर आणखी तासभर बसावं लागलं असतं, आणि घरी कुकर लावायचा होता.

पण खरं काम तेच. कागदावर आमच्या हुद्द्याचं नाव पैदासकार. दोन झाडं निवडायची, एकाचा पराग दुसऱ्याला द्यायचा, जी संतती येईल ती मोजायची, तपासायची, त्यातली दोन-चार ठेवायची, बाकीची बैलांपुढे टाकायची आणि पुढच्या हंगामात पुन्हा पहिल्यापासून सुरू. एक वाण हाती यायला आठ-दहा वर्षं जातात. तेवढ्यात साहेब बदलतात, जीप भंगारात जाते, आणि आपल्याला चाळिशी लागते. मी आधीची सगळी वर्षं ज्वारी आणि करडईवर काढली. शेवटची नऊ मात्र किनव्याची, आणि मला विचाराल तर माझी खरी नोकरी तीच.

क्विनोआ हे त्याचं पुस्तकातलं नाव. आमच्या संशोधन केंद्रावरच्या मजूर बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचा किनवा केला, मग मीही तोच उचलला. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांवरचं हे धान्य. दाणा राजगिऱ्याहून थोडा मोठा, पौष्टिक, आणि झाड असं चिवट की पाणी कमी असो, जमिनीत मीठ असो, ते आपलं उभं राहतं. आमचं केंद्र सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, पाऊस जिथे वाट चुकल्यासारखा कधीतरी येतो त्या पट्ट्यात. तेव्हा हे बियाणं आमच्याकडे आलं यात नवल नव्हतं. मी मिरजेत खोली घेऊन राहायचे आणि रोज एसटीने जायचे-यायचे.

पहिल्या वर्षी मी कार्तिकात चाळीस ओळी पेरल्या. उगवण झकास झाली. मी बायकांना सांगितलं, तण काढून घ्या, चाकवत फार माजलाय. तिसऱ्या दिवशी येऊन बघते तर सोळा ओळी केरसुणीने झाडल्यासारख्या साफ. किनवा आणि चाकवत सख्खी चुलत भावंडं, लहानपणी ओळखू येत नाहीत. मी डोक्याला हात लावून बांधावर बसले. बायकांची मुकादम तानूबाई, मेंढपाळाच्या घरातली, पन्नाशीची, काटक. ती शेजारी येऊन बसली.

"बाई, तुमीच म्हनला चाकवत काडा."

"अहो, पण तो चाकवत नव्हता."

"त्ये आता कळलं." ती जरा थांबली. "ताकातली भाजी केल्ती सगळ्यांनी. डाळ-शेंगदानं घालून. बरी झाल्ती, पर मागनं जरा कडवट लागली."

सरकारी प्रयोगाची भाजी करून खाल्ल्याबद्दल कोणता शेरा मारायचा हे मला सुचेना. मी अहवालात "रोपांची मर" असं लिहिलं. पण तानूबाईचं ते "कडवट" माझ्या डोक्यात बसलं, कारण किनव्याचं सगळं दुखणं त्या एका शब्दात आहे.

दाण्याच्या सालीत एक कडू द्रव्य असतं. पाण्यात चोळलं की रिठ्यासारखा फेस येतो. पाखरं, किडे लांब ठेवायला झाडाने केलेली ती सोय. माणसाने खायचं तर दाणे चार-पाच पाण्यांनी धुवायचे, फेस जाईपर्यंत. आता जिथे प्यायचं पाणी टँकरने येतं, तिथे धान्य चार पाण्यांनी धुवायला सांगणं म्हणजे चेष्टाच. म्हणून मी ठरवलं, आपल्याला गोड किनवा हवा. गोड म्हणजे साखर नव्हे, फक्त कडू नसलेला.

इथे थोडी आमच्या धंद्यातली गोष्ट सांगते, फार नाही. प्रत्येक झाडाकडे चवीच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. त्यातली एक जरी कडवाची असली तरी दाणा कडू. कडवाचं म्हणणं नेहमी वर राहतं. दोन्ही चिठ्ठ्या गोडाच्या पडल्या तरच झाड गोड. एवढं सोपं आहे. अवघड पुढेच आहे. दाण्यावरचं साल आईचं असतं. आतलं बाळ दोघांचं, पण वरचं पांघरूण फक्त आईचं. म्हणजे गोड आईवर शेजारच्या कडू झाडाचा पराग येऊन पडला, तरी त्या वर्षी दाणा गोडच लागणार. कडूपणा बाहेर येणार पुढच्या वर्षी, तो दाणा पेरल्यावर.

हे मी तानूबाईला एकदा सावलीत बसून समजावलं. तिने तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं.

"म्हंजी लेकीच्या अंगावर आईचं लुगडं," ती म्हणाली. "खरा सभाव सासरी गेल्यावर कळायचा."

तीस पानी अहवालात मला हे इतकं स्वच्छ लिहिता आलं नव्हतं.

संकर करणंही सोपं नव्हतं. किनव्याचं फूल मोहरीएवढं. चिमट्याने त्यातले पुंकेसर काढायचे म्हणजे गुडघ्यांवर बसून, डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून. म्हणून आम्ही युक्ती करायचो. आई हिरव्या खोडाची घ्यायची, बाप लाल खोडाचा. लाल रंगही कडवासारखाच वरचढ. रोपं उगवली की खोडाशी लाली दिसली तर संकर साधला, हिरवं राहिलं तर आईने स्वतःचंच बी धरलं. आमच्याकडे एक हिरवा, गोड पण फार उशिरा पिकणारा वाण होता, आणि एक लाल, कडू, लवकर येणारा, खारट मातीत मजेत वाढणारा. या दोघांची सोयरीक मी जमवली. त्यांच्या नातवंडांत मला हवं होतं एकच झाड: गोड, लवकर येणारं, मीठ सोसणारं, आणि बुटकं, वाऱ्याने न लोळणारं.

नातवंडं शेकड्यांनी होती. प्रत्येकाची चव बघायची तर दाणे नळीत घालून पाणी ओतायचं, अर्धा मिनिट हलवायचं, फेसाची उंची पट्टीने मोजायची. तानूबाईने ते दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "येवढी हलवाहलव कशापायी? जिभंला लावा की." मग ती ओळीने चालायची, कणसातले चार दाणे चुरडून तोंडात टाकायची, थुंकायची आणि सांगायची, "कडू. कडू. लय कडू. ह्ये बरं हाय." मी मागून नळीत तपासायचे. तिची जीभ आणि माझी पट्टी यांच्यात कधी वाद झाला नाही.

तरी आम्हाला हवं ते झाड सापडलं ते चिमण्यांमुळे. एका सकाळी तानूबाई मला बाही धरून घेऊन गेली. शेकडो झाडांत एकाच बुटक्या, हिरव्या झाडावर पाखरं तुटून पडली होती. बाकीची गोड झाडं अजून कोवळी होती, आणि कडूंकडे पाखरं ढुंकूनही बघत नव्हती. "तुमच्या आदी त्यास्नी घावलं," ती म्हणाली आणि पदराने पाखरं हुसकली. निम्मं कणीस गेलं होतं. उरलेल्यातून आम्ही वाण वाढवला. चार वर्षं दरसाल फुलोऱ्याआधी कणसावर पिशवी घालून, बाहेरचा पराग येऊ न देता. त्याला कागदावर एक लांबलचक क्रमांक होता. तानूबाई त्याला नुसतं "गोडी" म्हणायची.

याच काळात बरीच मंडळी केंद्रावर यायची. वर्तमानपत्रात कुठेतरी किनव्याचं कौतुक छापून यायचं की चार दिवसांत पिशवी घेऊन कोणीतरी हजर. मिरजेच्या दवाखान्यातून सुटलेले एक गृहस्थ काखेत फाईल घेऊन थेट आले. साखर फार वाढली होती. मी म्हटलं, हा प्रयोगाचा माल, कडू आहे, धुवावा लागतो. ते म्हणाले, "कडू आहे ना, मग औषधीच असणार," आणि न धुता मूठभर चघळून गेले. दोन दिवसांनी त्यांच्या सूनबाईंचा फोन आला, की पोट अजून थांबलेलं नाही, हे किती दिवस चालतं. त्यानंतर मी कपाटाला कुलूप लावायला लागले.

सुभेदार आनंदराव मात्र वेगळे. फौजेतून निवृत्त, आष्ट्याजवळचे, उसाच्या घरातले. पहिल्यांदा आले तेव्हा हातात स्टीलचा डबा होता. मला वाटलं लाडू असतील. उघडला तर माती.

"मॅडम, ह्ये जरा चाखा."

"माती?"

"चाखा तर."

चाखली. खारट. सुभेदारांचं दोन एकर रान असं मिठाने भरलं होतं. वडिलांच्या वेळी उसाला पाणी देताना कोणी हात आखडला नाही, आणि मीठ वर आलं. रानावर पांढरी पापडी, त्यात ऊस सोडाच, गवतसुद्धा उगवेना. ते नोकरीवर असताना हे हळूहळू घडलं, आणि पेन्शनवर घरी आले तेव्हा घरासमोर हे पांढरं पटांगण. आजूबाजूच्या सहा घरांची तीच कथा. कोणी मासे पाळा म्हणे, कोणी विटा पाडा म्हणे.

"मला पैसा नको मॅडम, पेन्शन हाय," ते म्हणाले. "पर सकाळी दार उघाडलं की समुर त्ये पांढरं दिसतंय. मरायच्या आदी तिथं कायतरी खायचं उगवल्यालं बघायचं हाय. बास."

त्यानंतर ते दर महिन्याला एसटीने यायचे. यायचे, गोडीच्या ओळींसमोर हात मागे बांधून उभे राहायचे, आणि "बी कवा?" एवढंच विचारायचे. चार माणसांत मोठ्याने बोलणारा हा गडी त्या झाडांपुढे आवाज खाली घ्यायचा.

आता माझी चूक. ती मी नीट सांगणार आहे, कारण हा लेख लिहायचं कारण तेच आहे.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. मला घाई झाली होती. सुभेदारांना बी द्यायचं होतं, आणि खोटं कशाला बोलू, जाण्याआधी आपल्या हातचा वाण कुणाच्या तरी रानात उभा बघायचा होता. पोतंभर बी करायचं तर शेकडो कणसांना पिशव्या घालणं होत नाही. ते पीक दुसऱ्या किनव्यापासून चांगलं लांब पेरायचं असतं. त्या वर्षी पाणी फक्त विहिरीजवळच्या तुकड्याला होतं, आणि शेजारी तो जुना लाल, कडू वाण उभा राहणार होता. मला हे कळत नव्हतं असं नाही. मी हेच आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं. पण मी मनाला म्हटलं, थोडं इकडे-तिकडे होईल, चालेल. आणि पोतं भरावं म्हणून होतं तेवढं शुद्ध बी त्याच तुकड्यात पेरलं, डब्यातला तळाचा दाणासुद्धा. तानूबाई पाभरीमागे उभी होती. "बाई, मूठभर मागं ठिवा," ती म्हणाली. मी म्हटलं, पुढच्या वर्षी पोतंभर असणार आहे, मूठ कशाला.

पीक आलं. दाणा चाखला, गोड. नळीत हलवला, फेस नाही. नसणारच, साल आईचं होतं. मी सही केली आणि बी सुभेदारांना दिलं. उरलेलं सगळं त्याच ढिगातलं केंद्राच्या कपाटात गेलं.

सुभेदारांनी अर्ध्या एकरात पेरलं. महिन्याभराने फोन. "मॅडम, उगावलंय." फोन शालनवहिनींनी घेतला, त्यांच्या मंडळींनी. "ताई, ह्ये बांदावर खुर्ची टाकून बसल्यात," त्या म्हणाल्या. "जेवाय उठंनात." काढणी झाल्यावर मी विचारलं, दाणा कसा आहे चवीला? "एकदम फस्क्लास," सुभेदार म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की मी पुढे काही विचारलं नाही. तोवर माझ्या निरोप समारंभाचे हारतुरे सुरू झाले होते.

मी निवृत्त होऊन वाईला आले, आणि माघात सुभेदारांचा सांगावा आला. या वर्षी एकरभर केलंय, रान बघण्यासारखं आहे, रविवारी काढणी सुरू करायची, शेजारच्या सहाही घरांना बी कबूल केलंय, तुमच्या हातून द्यायचं. मी साताऱ्याहून गाडी धरली, तानूबाई तिच्या गावाहून आली, आणि सांगलीत भेटून आम्ही आष्ट्याला गेलो.

रान खरंच बघण्यासारखं होतं. पुरुषभर उंच झाडं, खोडं लालबुंद, कणसं हाताएवढी. रस्त्यावरून जाणारे मोटारसायकली थांबवून बघत होते. मी आनंदाने काही बोलणार, तर तानूबाई बांधावर थबकली होती.

"बाई," ती हळूच म्हणाली, "पाखरं कुटं हायती?"

दाणे भरलेलं एकरभर रान, बांधावर बाभळी, त्यांवर चिमण्या बसलेल्या, आणि पिकावर इथे-तिथे एखादीच. तानूबाई आत शिरली. चार दाणे चुरडले, तोंडात टाकले, थुंकली. पुढचं झाड. थुंकली. तिसरं. आणि आता कुठे मला दिसलं की गोडी बुटकी होती आणि हिरवी होती. हे पीक उंच होतं आणि लाल होतं.

मी सुभेदारांना विचारलं, "पेरायला बी कसं निवडलंत?"

त्यांना प्रश्नच कळेना. "निवडलं म्हंजी? ज्वारीचं निवडतो तसंच. मळनीच्या आदी फिरून सगळ्यात दांडगी कनसं बगून काडली. लाल लाल, ह्येवढी. वडिलांनी शिकीवलंय. बारकी हिरवी काय बियाला ठेवायची व्हय?"

यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. ज्वारीत हेच करायचं असतं. त्यांच्या आजा-पणजांनी हेच केलं म्हणून तर आपल्याला शाळू मिळाला. पण इथे ती दांडगी लाल कणसं म्हणजे माझ्या विहिरीजवळच्या तुकड्यात लाल वाणाच्या परागाने झालेली संकरित पोरं होती. पहिल्या पिढीचा संकर नेहमीच असा फोफावतो. गोडी मात्र बिचारी बुटकी हिरवी उभी होती, आणि त्यांनी तिला भरड समजून खिचडीत घातली. आता त्या लालांची संतती एकरभर. चारांत तीन कडू, आणि रंगावरूनही ओळखायची सोय नाही, कारण या पिढीत लाली एकीकडे गेलेली आणि कडूपणा एकीकडे.

"पण मागच्या वर्षी तुम्ही फस्क्लास म्हणालात," मी म्हटलं.

सुभेदार चपलेने माती उकरत राहिले. उत्तर वहिनींनी दिलं. "ताई, मागल्या सालीबी फेस आल्ता. मी म्हनलं मॅडमना फोन करा. तर म्हनत्यात, त्या बाईंनी येवढं केलंय, आपन नाव ठेवायचं? पंदरा दीस तसंच खाल्लं त्येंनी, त्वांड वाकडं न करता. मी मातूर त्या पान्यात माज्या रेशमी साड्या धुतल्या. लय झ्याक निगाल्या."

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. दोन्ही एकदम येतं असं ऐकलं होतं, त्या दिवशी अनुभवलं. त्यांनी मला एक शब्द कडू बोलायचं टाळलं नसतं, तर मी धावत आले असते, आणि खिचडीत जाणाऱ्या त्या दाण्यांतून गोडी तेव्हाच हाती लागली असती. पण त्याहून मोठं कारण माझंच होतं.

"आवं मग केंद्रावरनं दुसरं बी आना की," सुभेदार म्हणाले. "चांगलं, पयलं."

"तिथलं संपलंय," मी म्हटलं. कपाटात गेलेलं भेसळीचं बीही माझ्यामागे काम बंद झाल्यावर टाकून दिलं होतं, पण शुद्ध कसं संपलं ते सांगितलं नाही. तानूबाईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान वळवली. तेच मला जास्त लागलं.

रविवारी सहा घरचे लोक पिशव्या घेऊन आले. सुभेदार ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "बी द्यायचं न्हाई. माज्या हातनं बिगडलंय." मी मध्ये पडले, म्हटलं, त्यांच्या हातून नाही, माझ्या हातून, मी कडू वाणाच्या शेजारी पेरलं होतं. आम्ही दोघं चूक एकमेकांकडून ओढून घेतोय हे बघून मंडळी गोंधळली. शेवटी त्यातले एक म्हातारे म्हणाले, "चुकी कुनाची का आसंना गड्या, रान हिरवं झालं ह्ये तर खोटं न्हवं. कवा दुरुस्त हुईल त्येवढं सांगा." मी म्हटलं, अजून दोन सुगी. ते पिशवीची घडी घालून बसले आणि चहा मागितला.

तीन दिवस आम्ही काढणी थांबवली. तानूबाई, मी, आणि चव शिकल्यावर वहिनी, अशा तिघींनी एकरातलं झाड न झाड चाखलं. मला जेवणाची चव दोन दिवस लागेना. गोड निघालेल्या झाडाला वहिनी लोकरीचा धागा बांधायच्या. पुष्कळ बांधले. त्यातून बुटकी, लवकर पिकलेली, खारट कोपऱ्यातही भरलेली अशी निवडत गेले, आणि उरली अकरा. जगात गोडी आता तेवढीच होती, आणि तीही शेजाऱ्यांच्या परागाने भरलेली.

पुढच्या कार्तिकात अकरा ओळी पेरल्या, घराला लागून, दुसरं काही आसपास नाही. वहिनींनी सासऱ्यांच्या जुन्या मलमलीच्या पटक्यांच्या पिशव्या शिवल्या. फुलोऱ्याआधी मी महिनाभर आष्ट्याला राहिले आणि एकेका कणसावर पिशवी चढवली. पटके घातलेली ती झाडं बघायला शाळा सुटली की पोरं यायची आणि हसायची. सुभेदार रोज सकाळी गाठी तपासायचे, ड्युटीवर असल्यासारखे. पिशवीतल्या झाडाने स्वतःचंच बी धरायचं, आणि असं झाड गोड निघालं तर त्याचं बी आरपार गोड, साल आणि आत दोन्ही. तानूबाईने पिशव्या सोडून एकेक चाखलं. कडू निघालेली तिने उपटून टाकली. जी राहिली, त्यांचं बी झालं अर्ध्या शेराच्या आसपास.

केंद्रावर आता दुसरं काम चालू आहे, आणि ते बरोबरच आहे. गोडीचं नाव कुठल्या यादीत लागलं नाही, आता लागणारही नाही. याचं वाईट वाटतं का, तर वाटतं.

सुभेदारांनी ते बी पडवीत सतरंजीवर ओतलं आणि हाताने तीन ढीग केले. तिन्ही सारखे आहेत का हे वाकून बघितलं. मग एकाकडे बोट दाखवलं.

"ह्यो येक पेरायचा, मॅडम. पुढल्या सुगीला सहा घरास्नी ह्येच्यातनंच."

"आणि बाकीचे?"

"बाकीचं न्हाई पेरायचं. फौजेत सगळी तुकडी येकदम पुढं धाडत न्हाईत. रिझर्व ठेवत्यात, वेगवेगळ्या जागी. येक तानूमावशीकडं, येक तुमच्याकडं." ते हसले. "ह्ये तुमास्नी काय सांगायचं, तुमी त्यातल्या जानत्या."

तानूबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने मान खाली घातली. आता तरी बोलावं म्हणून मी बोलले. शुद्ध बी मी तेव्हा होतं नव्हतं तेवढं पेरून टाकलं होतं, तानूबाईने मूठभर ठेवा म्हटलं असताना. केंद्रातलं बी संपलं नव्हतं, मी संपवलं होतं, आणि एवढं सगळं त्यामुळे झालं, हे सांगितलं.

वहिनी आतून कागद घेऊन आल्या. सुभेदारांनी तीनही पुड्या बांधल्या, दोऱ्याने, घट्ट. एक तानूबाईला दिली. एक स्वतःच्या खिशात घातली. तिसरी हातात धरून मला म्हणाले, "मग ही तर तुमच्याकडंच ऱ्हायाला पायजे. तुमच्याइतकी कुनी जपनार न्हाई."

मी दोन्ही हात पुढे केले.